ढगात ठेवलेला शब्द

मी कॉम्प्युटरमध्ये आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी खिशातून मोबाइल काढतो. "ह्यो मदीच बंद पडता, जरा बग गो." लग्नात, बाराव्याला, जत्रेत, कुठेही. मला मोबाइल दुरुस्त करता येत नाही हे आता नातेवाइकांत सर्वांना माहीत झालंय आणि त्यामुळे मला नेमकं काय येतं याबद्दल गावात दाट शंका आहे.

शंका हाच माझा धंदा. मी टेस्टर. सॉफ्टवेअर बनवणारे वेगळे. त्यांनी बनवलेलं बिघडवून दाखवायचं काम माझं. नव्या सुनेच्या हातची आमटी चाखून 'मीठ कमी' म्हणणारी सासू असते ना, तिला कंपनीत पगार मिळाला तर ती टेस्टर. वीसेक वर्षं पुण्यात ही सासूगिरी केली आणि घरून काम करायची मुभा मिळाल्यावर उठून धामापूरला आले. माझ्या टेबलावरून तळं दिसत नाही, पण पहाटे तळ्यावरचं धुकं माडांमधून हळूहळू सरकत थेट खिडकीशी येतं. त्या वेळी स्क्रीनवरची अक्षरंही ओलसर वाटतात. अशा धुक्यात बसून दूरच्या कुठल्या तरी शहरातल्या लोकांना 'हे चालणार नाही' असं लिहून पाठवायचं. फार सुखाची नोकरी आहे.

तंत्रज्ञानावर माझा विश्वास नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही. माझा विश्वास नाही तो तंत्रज्ञान घेऊन गावात येणाऱ्या माणसांच्या उत्साहावर. एकदा एक कंपनी विजयदुर्गच्या बाजूला आंब्याची प्रतवारी करणारा कॅमेरा घेऊन आली होती. फोटो काढला की यंत्र सांगणार हा हापूस कितपत पिकलाय. कचेरीतल्या पांढऱ्या टेबलावर ठेवलेल्या आंब्यांवर ते यंत्र शिकलं होतं आणि तिथे त्याचं एकही उत्तर चुकत नसे. इथे आंबा गवतात पिकतो. अढीतले पिवळेधमक आंबे बघून यंत्राने ठासून सांगितलं, 'अंडी.' बागायतदार म्हणाला, "मगे कोंबडी बसव रे तेंच्यार." यंत्राचं फारसं चुकलं नव्हतं, गवतात पिवळट गोल काही ठेवलेलं असलं की ते अंडं, एवढंच बिचाऱ्याला कुणी तरी कधी तरी दाखवलेलं. त्याला शिकवणारे गवतापर्यंत आलेच नव्हते.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

आमच्या कंपनीने मच्छीमारांसाठी एक डबा बनवला. होडीत बसवायचा, आकाशातल्या उपग्रहाशी बोलणारा. बटण दाबून नुसतं तोंडाने सांगायचं, की होडी निघाली किंवा होडी आली. लिहिण्यावाचण्याची भानगड नाही. वादळाचा इशारा आला की समुद्रात असलेल्या होड्यांना डबा ओरडून सांगणार. मनात म्हटलं, चला, एकदा तरी कामाचं काही केलं यांनी. मालवणच्या उत्तरेला एका छोट्या वाडीत हे डबे लागले आणि मी जवळ राहते म्हणून देखरेख माझ्याकडे आली. डबा तयार झाला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, लागल्यावर विचारलं. आमच्याकडे टेस्टरला नेहमी लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बोलावतात.

त्या वाडीत माझी एकच ओळख होती, भागीकाकी. धामापूरच्या रस्त्यावर टोपली घेऊन येणारी, माझ्याशी भांडून मासळी विकणारी. तिचा झील, म्हणजे मुलगा, बाबल एकट्याने फायबरची छोटी होडी घेऊन जातो. नवरा गेल्यापासून काकीचं जग म्हणजे हा बाबल. डबा बसवायला पहिला तयार झाला तोच. काकीचा फोन 'घरचा नंबर' म्हणून नोंदवला, तिचा आवाज फोनवर बोलणाऱ्या मशीनला ओळखायला शिकवला. काकी त्या मशीनशी बोलताना उगाच पदर सारखा करी.

मी नकाशा उघडून बसू लागले. प्रत्येक होडीचा एक निळा ठिपका. सकाळी खिडकीत धुकं आणि नकाशावर किनाऱ्याला टेकून झोपलेले ठिपके. छान वाटायचं बघायला. दुपारी बघितलं तरी ते झोपलेलेच. संध्याकाळीही. मी बंदरावर गेले तेव्हा होड्या पार क्षितिजाला लागलेल्या होत्या आणि माझ्या हातातल्या फोनमध्ये त्या किनाऱ्यावर. जणू दोन समुद्र होते. एकात माणसं जात होती, दुसऱ्यात कुणी कधी जातच नव्हतं. मला तो दुसरा समुद्र काही दिवस आवडलासुद्धा, खोटं कशाला बोलू. तिथे कुणाची वाट बघावी लागत नव्हती.

कारण शोधायला मी पहाटे वाळूवर जाऊन उभी राहिले. बाबलने होडी पाण्यात लोटली, बटण दाबलं, आणि डब्यात तोंड घालून म्हणाला, "येतंय."

तेवढंच. मग दुसरा म्हणाला, "येतंय हां." तिसरा म्हणाला, "येतंय रे डब्या."

आपल्याकडे कोणी 'जातो' म्हणून निघतं का? दाराबाहेर पाय टाकणारा 'येतो' म्हणतो आणि आतला 'ये' म्हणतो. दर्यावर जाणारा तर मेला तरी 'जातंय' म्हणणार नाही. डबा शिकला होता पुण्याच्या एका बंद खोलीत, छापील वाक्यं वाचणाऱ्या गोड आवाजांवर. त्याला 'येतंय' म्हणजे 'येत आहे' एवढंच कळलं, आणि निघाल्याची नोंद नसली तर होडीची खरी जागा तो कळवतच नसे. निघणारी प्रत्येक होडी त्याने घरी आणून बांधली. संध्याकाळी परत येऊन कोणी "पोचलंय" म्हटलं की पुन्हा एकदा आणली. होड्या दिवसातून दोनदा परत येत होत्या आणि जात कधीच नव्हत्या.

मी सविस्तर लिहून पाठवलं. वरच्या कचेरीत उलट आनंदीआनंद चालला होता, कारण नकाशावर सगळ्या होड्या कायम सुरक्षित दिसत होत्या. कुणा साहेबाने तो नकाशा भिंतीवर लावला होता म्हणे. शेवटी तन्मय नावाचा आमचा मॅनेजर स्वतः आला. वयाने लहान, मनाने चांगला, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सोपं आहे' म्हणायची सवय. वाळूवर सगळ्यांना बसवून त्याने समजावलं, "निघताना 'जातो' म्हणायचं. सोपं आहे."

 

भागीकाकीने विचारलं, "बाबा, तू पुण्याक आवशीच्या घरातून निघतंस तेवा तिका काय सांगतंस?"

"येतो म्हणतो," तन्मय म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. सगळी वाडी हसली. तोही हसला, कानापर्यंत लाल होऊन. मला वाटलं, जिंकलो.

पण कंपनीला कळणं आणि कंपनीने बदलणं यांत पुष्कळ मीटिंगा असतात. 'येतंय' शिकवायला डब्याला नव्याने बसवावं लागणार, ते पुढच्या आवृत्तीत. तोवर तात्पुरता उपाय म्हणून दोन बटणं दिली. एकावर 'आला', दुसऱ्यावर 'गेला'. रोग म्हशीला, औषध पखालीला. माणूस गेला याचा अर्थ आपल्या भाषेत काय होतो हे त्या खोलीत बसलेल्या सर्व मराठी माणसांना ठाऊक होतं. पण मीटिंगमध्ये बसलं की माणसाला आपली भाषा आठवत नाही. दुसऱ्या बटणाला वाडीत कुणी बोट लावलं नाही. बाबलने तर त्यावर चिकटपट्टी लावून टाकली.

पाऊस सरून दसरा झाला होता. त्या दुपारी मी वाडीत एका डब्याची वायर बघायला गेले होते. दुपारच्या मधेच उन्हाचा रंग बदलला, जुन्या फोटोसारखा पिवळा झाला. समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघ हळूहळू पुसली गेली. वारा नव्हता, आणि तेच वाईट होतं. होड्या एकेक करून आत येऊ लागल्या. ज्यांना आकाश वाचता येतं ते आधी आले, ज्यांना उशिरा कळलं ते मागून. बाबल आला नाही. तो सुरमईच्या मागे नेहमी एकटा लांब जातो, आणि इशाऱ्याची पर्वा करत नाही, कारण मोबाइलवर दर दोन दिवसांनी कसला ना कसला इशारा येतच असतो.

माझ्या फोनवर संदेश झळकला: 'वादळाची शक्यता. समुद्रात एकही होडी नाही. इशारा पाठवण्याची गरज नाही.'

बाबलच्या होडीतला जुना वायरलेस, आमचा डबा आल्यापासून, दुरुस्तीच्या दुकानात पडून होता. मोबाइल लागत नव्हता. मी वरच्या कचेरीत फोन केला. एका गोड आवाजाने सांगितलं, की माझा फोन त्यांना फार महत्त्वाचा आहे. तन्मय विमानात होता. ठिपका हलवायचा एकच मार्ग उरला होता. घरच्या नंबरवरून, घरच्या माणसाच्या आवाजात, होडीची स्थिती बदलायची. मग डबा वाजणार.

वाळूवर उभ्या काकीला मी तिच्याच फोनवरून मशीनचा नंबर लावून दिला. मशीन म्हणालं, "होडीची स्थिती सांगा."

"दर्यात आसा माझो झील," काकी म्हणाली.

"समजलं नाही. कृपया 'आला' किंवा 'गेला' असं सांगा."

काकीने माझ्याकडे बघितलं. मग मशीनला समजावायला लागली, "येतलो तो. येतलो, पण तेका बोलवा बेगीन." मशीनने तेवढं 'येतलो' उचललं. "धन्यवाद. होडी आली अशी नोंद आहे."

भोवती बायका जमल्या होत्या. मी म्हटलं, काकी, मी बोलते. बोललेही. "आवाज जुळत नाही," मशीन म्हणालं. याचं कचेरीत फार कौतुक होतं, दुसऱ्या कुणाला त्याला फसवताच येत नसे.

"काकी," मी म्हटलं, "तो एकच शब्द घेता हो ह्या मशीन."

"म्हणा नको गो भागी," मागून कुणी तरी म्हणालं. "भरल्या दर्यार तसला तोंडातून काडू नये."

माझ्या मनात जे झालं ते सरळ सांगते. मला त्या यंत्राची लाज वाटली, ते बनवणाऱ्यांची वाटली, आणि मी स्वतः त्यांच्यातली होते. पण वारा सुटला होता. समोर वाळूचा पातळ थर सरपटायला लागला होता. काकीने डोक्यावरून पदर घेतला, दर्याकडे पाठ केली आणि फोन तोंडाशी धरला.

"गेलो," ती म्हणाली.

"समजलं नाही."

आपल्या बोलीत 'गेलो' म्हणजे 'तो गेला', पण तेही त्याला चालत नव्हतं. कचेरीच्या भाषेत पाहिजे होतं. मामलेदाराच्या समोर बोलावं तशी काकी ताठ झाली आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "गेला. बाबल गेला."

"धन्यवाद," मशीन म्हणालं.

नकाशावरचा बाबलचा ठिपका किनाऱ्यावरून उठला आणि निळ्यात लांबवर, अगदी एकटा जाऊन बसला. पहिल्यांदाच दोन्ही समुद्र सारखे झाले. काकीने फोन माझ्या हातात दिला आणि वाळूत बसली.  ती वेळ कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. मधे पाऊस आला, माड वाकले, आणि आम्ही सगळ्या बायका बंदरावरच्या पत्र्याखाली उभ्या होतो, एवढं आठवतं. सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं, आवाजसुद्धा.

बाबल आला. होडी अर्धी पाण्याने भरलेली, जाळं कापून टाकलेलं, पण आला. पायाखाली वाळू लागल्याबरोबर तो आईवर ओरडला, "आये, तुका कोणी सांगल्यान मी गेलंय म्हणान?"

मग सगळं कळलं. डब्याने आधी इशारा दिला, तो त्याने नेहमीसारखा ऐकून सोडून दिला. पण आमच्या कंपनीने डब्यात आणखी एक सोय करून ठेवली होती, 'घरचा आवाज' नावाची, वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी. होडी समुद्रात आहे अशी नोंद झाली, की घरून आलेलं शेवटचं बोलणं होडीत जसंच्या तसं वाजायचं. इशाऱ्यामागून डब्यातून त्याच्या आईचा आवाज आला, बाबल गेला म्हणून.

"आणि ताव पुण्याच्या भाशेत!" बाबल मला सांगत होता. "म्हटलंय, आवशीच्या कानार कोणी तरी काय तरी घातल्यानी. ती आता रडान रडान मरतली. आदी घराक जाऊन तोंड दाकवूक होया. तसोच फिरलंय. नायतर माका सुरमय दिसत होती बाय, मी कसलो येतंय!"

वादळाला तो घाबरला नाही, आई रडेल याला घाबरला. बायका म्हणाल्या, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. काकी हसली नाही, रडलीही नाही. बाबलच्या अंगावर कोरडं लुगडं टाकलं आणि मला विचारलं, "मी म्हटलंय तो शब्द आता खंय आसा?"

मी पटकन बोलून गेले, "क्लाऊडवर."

"म्हंजे?"

"ढगात," बाबलने हौसेने भाषांतर केलं.

काकीने वर बघितलं. ढग अजून पुरते फिटले नव्हते. "मगे तो थंयसून खाली पडतलो," ती हळूच म्हणाली. "दर्यार."

मी पुष्कळ समजावलं. ढग म्हणजे ढग नव्हे, लांब कुठे तरी थंडगार खोलीतली यंत्रं आहेत. पण मला स्वतःलाच ते पटेना. एखाद्या आईने उच्चारलेला असा शब्द कुठे तरी थंडगार खोलीत जपून ठेवलाय, हे ढगापेक्षा बरं कसं? काकीने निकाल दिला: तो शब्द पुसला जाईपर्यंत बाबलने दर्यात उतरायचं नाही. होडी उलटी पडली. बाबल घरात बसून जाळं विणू लागला, काकी परक्या होडीची मासळी विकू लागली, आणि माझ्याशी भांडेनाशी झाली. मागेन तो भाव देई. त्यासारखं वाईट काही नव्हतं.

मी पुसायची विनंती पाठवली. उलट टपाली अभिनंदन आलं. कंपनीला गोष्ट मिळाली होती! वार्षिक समारंभात मोठ्या पडद्यावर वादळ दाखवायचं आणि वर काकीचा आवाज लावायचा, 'आईचा एक शब्द' म्हणून. तन्मयचा फोन आला. "ताई, ती क्लिप म्हणजे सोनं आहे. पुसायची कशी?"

वीस वर्षांत मी कंपनीत आवाज चढवला नव्हता; माझा धंदा लिहून भांडायचा. त्या दिवशीही चढवला नाही. म्हटलं, "तन्मय, तुझ्या आईला फोन कर. तिला सांग, 'तन्मय गेला' एवढंच म्हण, आम्हाला समारंभात लावायचंय. तिने म्हटलं तर काकीचंही लाव."

 खिडकीबाहेर धुकं होतं, आणि फोनमध्येही तसंच काहीसं.

आठवडाभराने त्याचा फोन आला. "ताई, पुसलं. सगळ्या नकलांमधूनसुद्धा. मी स्वतः बसून पुसलंय."

आमच्या धंद्यात 'पुसलं' याला फारसा अर्थ नसतो. कुठल्या तरी नकलेची नक्कल कुठे तरी राहतेच. एरवी मी पुरावा मागितला असता, तपासून बघितलं असतं, तीन प्रश्न उलटे टाकले असते. यावेळी त्याच्या आवाजात आईशी बोलून आलेल्या माणसाचं काही तरी होतं. मी काही विचारलं नाही आणि थेट वाडीत गेले.

काकी बंदरावर टोपली धूत होती. म्हटलं, "काकी, पुसलो तो शब्द."

"खंयच नाय?"

"खंयच नाय."

तिने टोपली पालथी घातली. मग वाळूत बसली आणि रडायला लागली. मयताच्या घरी रडतात तसं, मोठ्याने, नाव घेऊन, छाती पिटत. बायका धावत आल्या. बाबल जाळं टाकून पळत आला आणि तिला असं रडताना बघून पार गांगरून गेला.

"आये! अगो मी हंय उभो आसंय मां तुझ्या फुड्यात! बग तरी!"

"ठावक आसा माका," काकी म्हणाली. "गप रव मेल्या. त्या दिसाचा रडणा रवलाहा, ता रडून घेतंय."